माफीचं तेवढं राहिलं

कुवेत, ९ मे १९८२

सावळीराम यास हनीफचा सलाम.

पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल किंवा राग येईल. चार वर्षांनी लिहितो आहे. मधे लिहिलं नाही, त्याला सांगण्यासारखं कारण नाही. कागद घेऊन बसायचो, वर तारीख घालायचो आणि परत ठेवून द्यायचो.

मी ठीक आहे. काम वेल्डिंगचंच. एका खोलीत आठ जण राहतो. सात केरळचे आहेत. त्यांचं बोलणं मला अजून कळत नाही, त्यामुळे कोणी काही विचारत नाही आणि मलाही काही सांगावं लागत नाही. जेवण मिळतं. पगार वेळेवर होतो. सुखात आहे का म्हणशील, तर तसंही नाही आणि दुःखातही नाही. दिवस जातो.

लिहायचं कारण असं. कंपनीतले काही जण चौदा सप्टेंबरला बसने हजला निघणार आहेत. इथून रस्त्याने जाता येतं, खर्च थोडा येतो. मीही नाव दिलं आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून बिलकिसला फार इच्छा होती, तुला माहीतच आहे. तिचं राहून गेलं, निदान मी जाऊन यावं. पण जाण्याआधी माणसाने देणी फेडायची असतात. ज्याचं नुकसान केलं, मन दुखावलं, त्याला भेटून माफी मागायची असते. आमच्याकडे तशी रीतच आहे. मी इतक्या लांबून भेटू शकत नाही, म्हणून माझ्या वतीने तू जा.

सायकलवाल्या फकिराचे दोन टायर आणि एक चेन. चहावाल्या धोंडाबाईचे तीन-चार महिन्यांचे, आकडा तिला विचार. आणि आपल्या कामगार पतपेढीचं कर्ज, बिलकिसच्या ऑपरेशनसाठी काढलेलं. त्यांनी माझ्या शेअर्समधून आणि फंडातून वळतं करून घेतलं असेल अशी माझी समजूत आहे. तरी बाकी किती ते बघ. सोबत पाचशेचा ड्राफ्ट तुझ्या नावे आहे.

वहिनींना सलाम.

हनीफ

०

सातपूर, नाशिक, १ जून १९८२

प्रिय हनीफ,

सप्रेम जयभीम आणि सलाम.

जिवंत आहेस तर! कारखान्यात तुझ्याबद्दल दोन मतं होती. एक, तू तिकडे शेखाची पोरगी केलीस. दुसरं, तू समुद्रात पडलास. मी दोन्हीकडे मान डोलवत होतो. चार वर्षं मान डोलवून दुखायला लागली, आता थांबवतो.

राग आला का? आला. पत्र दोनदा वाचलं, मग गेला. आपला राग सरकारी नळासारखा, थोडा वेळ येतो.

तुझा वकील होऊन रविवारी निघालो. फकिराला तुझं नाव सांगितलं तर म्हणे, "कोन हनीफ? तो इल्डर? त्याचे टायर ना? अरे ते मीच जुने लावले व्हते, नवे म्हनून. त्यालाच सांग मला माफ कर म्हनून." अर्धे पैसे घेतले. आता तू त्याला माफ केलंस असं मी परस्पर सांगून टाकलं आहे, तेवढं चालवून घे.

धोंडाबाईने वही काढली नाही. तिला सगळ्यांचं तोंडपाठ असतं. "एकशे बेचाळीस," म्हणाली. दिले. मोजले, कनवटीला लावले आणि म्हणाली, "तिकडं जातोय ना द्येवाला, तर म्हनावं माझ्या गुडघ्याचं बी सांग. लय दुखत्यात." माफ केलं का विचारलं, तर म्हणाली, "पैसं आलं ना, मग आता कसली माफी?"

पतपेढीचं तुझं खातं बंद आहे. बाकी काही नाही. दाखला मागून घेतला, सोबत पाठवतो. माझं म्हणशील तर तू माझं काही देणं लागत नाहीस. बसची जागा पक्की कर.

इथे बाकी ठीक. तुझ्या क्वार्टरमध्ये आता पेंटिंग खात्यातला एक जण राहतो. रेडिओ मोठ्याने लावतो.

तुझा
सावळीराम

०

कुवेत, १६ जून १९८२

सावळीराम यास सलाम.

तुझं पत्र आणि दाखला मिळाला. दाखल्यावर खातं बंद झाल्याची तारीख डिसेंबर १९८० आहे. मी जून ७८ मध्ये आलो. शेअर्स आणि फंड वळते केले असते तर त्याच वर्षी बंद झालं असतं. अडीच वर्षं कोण भरत होतं?

जामीनदार म्हणून सही तुझी होती. दुसरी गेणूची, पण तो आधीच नोकरी सोडून गावी गेला होता. तेव्हा तुझ्याच पगारातून कापलं असणार. मला खरं काय ते कळव. किती कापलं तेही कळव, मी पाठवतो. तू म्हणालास देणं नाही, म्हणून नसतं असं होत नाही.

आणि वहिनींनाही विचार. घर त्यांनी चालवलं. त्यांनी माफ केलं असं त्यांच्या तोंडचं पाहिजे.

इथे उन्हाळा सुरू झाला आहे. दुपारी दोन तास काम बंद असतं. आम्ही सावलीत पडून राहतो.

हनीफ

०

सातपूर, ४ जुलै १९८२

प्रिय हनीफ,

तू वेल्डर कशाला झालास, ऑडिटर व्हायचं होतंस. बरं, कापलं. महिन्याला एकशे पंचवीस, तीस महिने. सोसलं. माझा ओव्हरटाइम होता, स्टोअरमध्ये कामही बरं होतं. आम्हाला जाणवलंसुद्धा नाही. माझ्या जागी तू असतास तर तूही हेच केलं असतंस, मग हिशेब कशाला उकरायचा?

सुलाला विचारलं. ती म्हणाली, "कसली माफी? हनीफभाई काय परके आहेत?" आम्ही दोघांनीही तुला केव्हाच मोकळं केलं आहे. तिने मनापासून सांगितलं आहे, तेव्हा शंका ठेवू नकोस आणि बिनधास्त जा.

परत आलास की खजूर आण.

तुझा
सावळीराम

०

सातपूर, ५ जुलै १९८२

हनीफभाई यांस सुलाबाईचा जयभीम.

ह्यांनी पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. मी फोडून वाचलं. असं करू नये हे मला कळतं, पण माझ्या नावाने काय गेलं ते मला बघायचं होतं. त्यात लिहिलेलं मी बोललेले नाही. मला कोणी विचारलेलंही नाही. ह्यांचं पत्र तसंच ठेवून माझं त्यात घालते आहे. नवीन पाकीट घेतलं.

ओव्हरटाइम नव्हता. पगारातून कापायला लागले त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून मी विड्या वळायला बसले. विमलाबाई सकाळी पानं आणि तंबाखू द्यायची, संध्याकाळी विड्या मोजून न्यायची. हजार वळल्या तर दीड-दोनशे छाट म्हणून बाजूला काढायची, त्याचे पैसे नाहीत. तीस महिने वळल्या. ह्यांचा पगार जेवढा कमी यायचा तेवढा मी भरून काढला, म्हणून ह्यांना जाणवलं नाही. तुमचं कर्ज कोणी फेडलं म्हणाल, तर मी फेडलं. तेव्हा ते सोडायचं की नाही हे सांगणारे हे कोण?

जामीन राहा म्हणून ह्यांच्या मागे मीच लागले होते. बिलकिस माझ्याजवळ रडली होती, ऑपरेशनला पैसे नाहीत म्हणून. पुढे सगळं झालं, तर हे मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. न बोलता जेवून उठायचे.

पैशांचं एक असो. तुम्ही गेलात त्या दिवशी हे पहिल्या पाळीला गेले होते. तुम्ही ट्रंक घेऊन नळापाशी उभे होता. मी विचारलं, कुठे निघालात? तुम्ही म्हणालात, लासलगावला चुलत्याकडे, दोन दिवसांत येतो. मी तुम्हाला दोन दिवसांच्या भाकरी बांधून दिल्या, तेलचटणी दिली. बिलकिसला जाऊन चार महिने झाले होते, वाटलं बरं झालं, माणूस घराबाहेर पडतोय. पंधरा दिवस मी तुमच्या दाराकडे बघत होते. मग कळलं, तुम्ही मुंबईहून विमानाने गेलात.

ह्याची माफी माझ्याकडे नाही. पैसे पाठवा. ते मला पाहिजेत.

सुलाबाई सावळीराम गांगुर्डे

०

कुवेत, २० जुलै १९८२

वहिनींना सलाम.

तुमचं पत्र मिळालं. सोबत चार हजार पाचशेचा ड्राफ्ट तुमच्या नावाने पाठवतो आहे. कापले त्याहून जास्त आहेत. तुमच्या मेहनतीचा हिशेब मला करता येत नाही, म्हणून वर थोडे टाकले.

तुम्हाला एवढा त्रास होईल याची मला कल्पना नव्हती. पतपेढी माझ्या फंडातून घेईल असंच मी धरून चाललो होतो. कळलं असतं तर मी तेव्हाच पाठवले असते. भाकरी बांधून दिल्याचं मला आठवतं. तेव्हा मी कोणालाच काही सांगत नव्हतो, तुम्हालाच खोटं सांगितलं असं नाही.

सावळीरामवर रागावू नका. तो मला सोडवायला बघत होता.

बस चौदा सप्टेंबरला निघते. तोवर तुमचं पत्र आलं तर मी जाईन.

हनीफ

०

सातपूर, ८ ऑगस्ट १९८२

हनीफभाई यांस जयभीम.

ड्राफ्ट मिळाला. माझ्या नावाचा असल्यामुळे बँकेत माझं खातं काढावं लागलं. त्याला ओळखीची सही लागते. ह्यांनी केली. सही करताना माझ्याकडे बघत होते, मी हसले नाही.

पैसे जमा झाले. मला वाटलं होतं, त्या दिवशी काहीतरी वाटेल. रडू येईल, नाहीतर डोकं शांत होईल. काही झालं नाही. पासबुक घेतलं, येताना मेथीची जुडी घेतली, घरी आले. मेथी निवडत बसले. हे विचारत होते, बरं वाटलं का? मी म्हटलं, काही वाटलं नाही. त्यावर ते म्हणाले, वाटेल हळूहळू. ह्यांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी बोलायचं असतंच.

विड्या वळणं सोडून दीड वर्ष झालं, पण हात मोकळे असले की अंगठा आणि बोट अजून फिरतात.

तुम्ही लिहिलंत, कल्पना नव्हती. हनीफभाई, मी सातवी शिकलेली बाई आहे, कारखान्यात कधी गेले नाही, पण जामीनदाराचा पगार कापतात हे मला ह्यांनी जामिनाची सही करण्याआधीही माहीत होतं. सातपूर कॉलनीत शेंबड्या पोराला माहीत आहे. तुम्ही तिथे अकरा वर्षं काढलीत.

तुम्हाला माफी पाहिजे तर निदान ती कशाची ते तरी खरं सांगा. खोट्यावर मी माफी देत नाही.

सुलाबाई

०

कुवेत, २० ऑगस्ट १९८२

वहिनींना सलाम.

मला माहीत होतं.

आमच्या खात्यातला जयराम कर्ज काढून पळून गेला होता, तेव्हा त्याचा जामीनदार सहादू. पगाराच्या दिवशी खिडकीशी सहादूच्या हातात अर्धा पगार पडला. तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. रांगेत त्याच्या मागे मी होतो. कॅशिअरने माझं नाव पुकारलं, मी सहादूला ओलांडून पुढे गेलो आणि माझा पगार घेतला. म्हणजे नळापाशी ट्रंक घेऊन उभा होतो त्या दिवशी मला पक्कं माहीत होतं, पुढच्या महिन्यापासून सावळीरामचं कापणार. फंडाची समजूत मी नंतर तयार केली. इतक्या वेळा मनाशी म्हटली की तुम्हाला लिहितानाही हात अडखळला नाही.

पहिल्या पगारातून पाठवायचे असं ठरवून आलो होतो. पगार झाला. पाठवले नाहीत. पैसे नव्हते असं नाही. नुसता ड्राफ्ट कसा पाठवणार, चार ओळी लिहाव्या लागल्या असत्या, आणि त्यात बिलकिसचं नाव आलं असतं. ते मला लिहायचं नव्हतं. मग दुसरा महिना गेला, मग तिसरा. पुढे पुढे मला त्याचं काही वाटेनासं झालं. इथे कशाचंच काही वाटत नाही. शेजारच्या कॉटवरच्या माणसाचा बाप वारला, तो रडत होता, मी त्याच्या बाजूला बसून जेवलो.

तुम्हाला लासलगाव सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं. निदान, कबरीवर एकदा जाऊन या, असं म्हणाला असता. मी गेलो नव्हतो. माती दिल्यानंतर एकदाही गेलो नाही. भाकरी मुंबईला स्टेशनवर खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या.

आता ह्यात खोटं काही राहिलेलं नाही. माफ करा असं लिहायला आता भीती वाटते, म्हणून नुसतं विचारतो.

हनीफ

०

सातपूर, १ सप्टेंबर १९८२

हनीफभाई यांस जयभीम.

पत्र मिळालं. ह्यांनाही वाचायला दिलं. वाचून घडी घातली आणि चप्पल घालून बाहेर गेले. दोन तासांनी आले. जेवताना म्हणाले, "मला वाटत होतं, त्याला खरंच माहीत नसेल." ह्यांना एवढं लागलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. तुमच्यावर रागावून हे मोकळे झाले असते ना, तर आमच्या घरात चार वर्षं बरी गेली असती. पण हे तुमच्या बाजूने बोलत राहिले आणि मी विड्या वळत राहिले.

कबरीवर मी जाते. तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण तुम्ही एवढं लिहिलंत म्हणून सांगते. बाया आत जात नाहीत म्हणून फाटकाशी उभी राहते. तिथला म्हातारा रखवालदार ओळखतो आता. ती दुसऱ्या रांगेत आहे, कडुलिंबाच्या अलीकडे. पाटी नाही. खरं तर त्या कामाला पैसे तुम्ही द्यायचे होते.

तुमचा दिवस जवळ आला म्हणून आज लगेच लिहिते आहे. तुम्ही खरं सांगितलंत. मी म्हटलं होतं, खरं सांगा. तेव्हा माझ्या शब्दाला मी जागते. मी, सुलाबाई सावळीराम गांगुर्डे, हनीफ यांना पैशांबद्दल आणि खोटं बोलल्याबद्दल माफ केलं असं लिहून देते. खाली सही केली आहे. तुमच्या मौलवींना दाखवायचं असेल तर दाखवा.

पण तुमच्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून हेही लिहिते. माझ्या मनात तसं काही आलेलं नाही. मी वाट बघितली. सकाळी उठल्यावर बघितलं, नळावर रांगेत उभी असताना बघितलं. येत नाही. रागही पूर्वीसारखा येत नाही. नुसतं कोरडं आहे. तुमच्या देवाला कागद चालत असेल तर हा कागद घेऊन जा. मी अडवणार नाही.

सुलाबाई

०

कुवेत, ११ सप्टेंबर १९८२

वहिनींना आणि सावळीरामला सलाम.

कागद मिळाला. मौलवींना दाखवला नाही. त्यांना मराठी येत नाही, मी सांगीन ते त्यांनी खरं मानलं असतं. मी वाचून दाखवताना शेवटचं सोडून दिलं असतं, हे मला माझंच माहीत आहे.

तुमचं पत्र वाचून मला लाज वाटली. कान गरम झाले, हातातलं जेवण ठेवावं लागलं. शेजारचा केरळी विचारत होता, काय झालं. चार वर्षांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि वाटलं ते हे.

बसमधली माझी जागा एका ड्रायव्हरला दिली. तो तीन वर्षं रांगेत होता. हज पुढच्या वर्षी आहे, त्याच्या पुढच्या वर्षीही आहे. कंपनीने त्यासाठी दिलेली एक महिन्याची रजा मी परत केली नाही. बसचे पैसे परत मिळाले, त्यात साठवलेले घालून मुंबईचं तिकीट काढलं. बावीस तारखेला उतरतो. संध्याकाळपर्यंत सातपूरला येईन.

माफी पत्राने मागतात, ही माझीच सोय होती. भेटून मागायची असते हे मला मे महिन्यातच माहीत होतं, पहिल्याच पत्रात मी तसं लिहिलंही होतं. तरी सावळीरामला पाठवलं.

आधी तुमच्या दाराशी येईन. बसा म्हणू नका आणि पाणी देऊ नका. सगळं तोंडाने सांगेन, लासलगावपासून. ऐकून झाल्यावर मनात काही आलं तर सांगा. नाही आलं तरी सांगा, मी ऐकून घेईन. मग दुसऱ्या रांगेपर्यंत माझ्याबरोबर सावळीरामला पाठवा. एकट्याने जायला मला भीती वाटते.

हनीफ